गरोदरपणाची पुस्तकं: नवी पेठेत पैसे मोजण्याआधी

गरोदरपणावरचं सगळ्यात उपयोगी वाचन सोलापूरच्या कुठल्याच पुस्तकांच्या दुकानात विकत मिळत नाही. सिव्हिल, डफरीन ही सरकारी रुग्णालयं किंवा जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात नाव घातलं की हातात येतं ते माता-बाल संरक्षण कार्ड. खासगी दवाखान्यात नाव घातलं असेल तर आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत मागावं. तपासण्यांच्या तारखा, गोळ्यांची नोंद, धोक्याची लक्षणं, बाळाच्या वजनाचा आलेख, लसींचा तक्ता, सगळं त्यात. फुकट ते पौष्टिक, इथे तरी अक्षरशः. म्हणून पुस्तक घेताना दोनच गोष्टी बघायच्या: कार्डात नाही असं हे काय सांगतंय, आणि कार्डाच्या उलट तर काही सांगत नाही ना.

आधी शीर्षकाच्या मागचं पान उघडा. ‘पुनर्मुद्रण’ म्हणजे जुनाच मजकूर नव्या कागदावर. ‘सुधारित आवृत्ती’ असेल तर मजकुरावर कुणीतरी हात फिरवला असण्याची शक्यता, पण खात्री नाही. काही प्रकाशक प्रत्येक छपाईला नवी आवृत्तीच म्हणतात. खरं वय आतली पानं सांगतात. गरोदर बाईला ‘टीटी’चं इंजेक्शन लिहिलं असेल तर मजकूर जुना, कारण आता सरकारी कार्यक्रमात टीडी देतात, म्हणजे धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस. बाळाच्या तक्त्यात नुसता ‘गोवर’ असेल (आता गोवर-रुबेला एकत्र), न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकल लस नसेल, तरी जुना. ही लस सरकारी कार्यक्रमात देशभर २०२१ मध्ये आली. नवव्या महिन्यातला पोलिओ इंजेक्शनचा तिसरा डोस दिसला, तर पुस्तक खरंच ताजं आहे, कारण तो २०२३ पासूनचा. नोकरदार बाईची रजा बारा आठवडे लिहिली असेल तर लेखक २०१७ च्या अलीकडे आलेलाच नाही; पहिल्या दोन बाळंतपणांना ती २६ आठवडे आहे.

मग बाळाला झोपवायचं पान. बाळाला उताणं झोपवा, गादी सपाट हवी, डोक्याशी उशी नको, एवढं स्पष्ट हवं. पालथं झोपवायला सांगणारं पुस्तक, कितीही नावाजलेलं असो, परत ठेवा. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ डॉ. स्पॉक यांच्या जगभर खपलेल्या बालसंगोपनाच्या पुस्तकाच्या १९५० च्या दशकातल्या आवृत्त्यांत पालथं झोपवायचा सल्ला होता. झोपेत दगावणाऱ्या बाळांचा अभ्यास झाल्यावर तो चुकीचा ठरला, पण त्याच्यावरून उतरवलेल्या पुस्तकांत तो अजून सापडतो.

दुकानात दर्शनी फळीवर गर्भसंस्काराचे ठोकळे असतात. त्यातलं संगीत, स्तोत्रं, शांत बसणं याला कुणाची हरकत नसावी. ताण हलका होत असेल तर चांगलंच. अडचण सुरू होते ती महिन्यागणिक काढे आणि चूर्णं सुचवली जातात तिथे. ती आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत. आणि ‘पुत्रप्राप्ती’, ‘हवं ते अपत्य’ असं प्रकरण असेल तर ते पुस्तक घरात आणूच नका. १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्यात २००३ पासून गर्भधारणेआधीची लिंगनिवडही आली, आणि तिची जाहिरात हा गुन्हा आहे. गोऱ्या रंगाची हमी देणाऱ्या लेखकाच्या बाकीच्या सल्ल्यावर किती भरवसा ठेवायचा, तुम्हीच ठरवा.

भाषांतरित पुस्तकं छपाईला देखणी, चित्रंही छान, पण ताटात घोळ. अव्होकॅडो, ब्रोकोली, सामन मासा! कहर म्हणजे काही जुन्या भाषांतरांत शेंगदाणे टाळायला सांगितलेले असतात. सोलापुरात शेंगा चटणी बंद करायची म्हणजे जेवणच बंद करायचं. घरात ॲलर्जी असलेल्या बायांना ब्रिटनमध्ये पूर्वी असा सल्ला देत, तो २००९ मध्ये मागे घेतला गेला. आईला स्वतःला शेंगदाण्याची ॲलर्जी नसेल तर खुशाल खावेत.

आहाराचं प्रकरण कसं तपासायचं? ‘दोघांचं जेवा’ असं लिहिलं असेल तर तिथेच थांबा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे गरोदर बाईला रोज ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर साधारण एक मध्यम ज्वारीची भाकरी, दोन चमचे शेंगा चटणी आणि अर्धा कप दूध, बस्स. प्रथिनांची वाढ मात्र मोठी आहे: दुसऱ्या तिमाहीत रोज साडेनऊ ग्रॅम, तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम जास्त. ती नुसत्या भाकरीतून निघत नाही. हुलगे, मटकी, डाळ, अंडी, दूध लागतंच. हे आकडे असे घरच्या ताटात उतरवून देणारं पुस्तक दिसलं तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

लोहाच्या गोळीचं पान तर बारकाईनं वाचा, कारण बहुतेक पुस्तकं इथे एका ओळीत आटपतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची, १८० दिवस. बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून मध्ये किमान दोन तास हवेत. चहासोबत लोह वाया जातं, लिंबूपाणी चालतं. या गोळीनं शी काळी होते, मळमळतं, आणि कुणी आधी सांगितलेलं नसलं की बाया घाबरून गोळ्या डब्यात टाकून देतात. रात्री जेवणानंतर घेतली की मळमळ बऱ्याच जणींना कमी जाणवते. एवढं सगळं लिहिणाऱ्या लेखकानं रुग्ण तपासलेले आहेत, हे ओळखावं.

अंगावर पाजण्याच्या प्रकरणात चित्र हवंच. चित्र नसलेलं प्रकरण कुचकामी. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरच्या ओठाच्या बाजूला जास्त, खाली कमी दिसणारा, असं ते असावं. बाळानं नुसतं टोक पकडलं की चिरा पडतात, दूध कमी येतं, आणि मग घरात डब्याच्या दुधाची चर्चा सुरू होते. दूध पुरतंय का, याचं उत्तरही हवं: २४ तासांत आठ ते बारा वेळा पाजणं, आणि पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला किमान सहा वेळा लघवी. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं घटतंच, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पहिले सहा महिने पाणी नाही, गुटी नाही; मध तर वर्षभर नाही. दूध पावडरच्या कंपनीची फुकट पुस्तिका कुणी दिली तर तो आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार समजावा. १९९२ च्या कायद्यानं अशा दुधाच्या जाहिरातीला बंदीच आहे.

काढून ठेवलेलं दूध ‘खोलीत चार तास टिकतं’ हे वाक्य भाषांतरांत हमखास सापडतं. तो आकडा २५ अंशांपर्यंतच्या खोलीचा. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या घरात तो लावायचा नाही, दूध थेट फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात बाळाला चार कपड्यांत गुंडाळणं आणि शेगडीची धुरी यावर खडसावून लिहिणारी मराठी पुस्तकं थोडी आहेत, पण आहेत. बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा विषारी वायू नाकाला कळत नाही, हे त्यात असेल तर आजीलाही वाचायला द्या.

दोन गोष्टी मात्र बहुतेक ठिकाणी नसतातच. एक, विड्या वळणाऱ्या बाईसाठी एक ओळ. तंबाखूची धूळ श्वासातून आणि हातांच्या कातडीतून अंगात जाते. या शहरात घरोघरी सूप मांडून हे काम चालतं, आणि पुस्तकं फक्त ‘धूम्रपान टाळा’ म्हणून मोकळी होतात. दुसरी, बाळंतपणानंतरचं मन. पहिल्या दिवसांतलं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, झोप लागेना, बाळाबद्दल काहीच वाटेना, तर ते उपचारानं बरं होणारं दुखणं आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. कार्डाच्या पाठीवर पेननं लिहून ठेवा.

ठोकळा बांधणीचं पुस्तक एका हातानं धरून वाचता येत नाही, आणि पाजताना एकच हात मोकळा असतो. पातळ, मोठ्या टाइपाचं, शेवटी सूची असलेलं घ्या. गरोदरपणाच्या पुस्तकाचा उपयोग नऊ महिने, म्हणून ते हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणणं शहाणपणाचं. संगोपनाचं मात्र विकत घ्यावं, ते दोन वर्षं हाताशी लागतं.

बाळासाठी पहिल्या दोन-तीन महिन्यांत काळ्या-पांढऱ्या ठळक आकृत्यांचं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पुरे, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरायचं. नंतर ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट यांची चित्रपुस्तकं आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू गोष्टीही फुकट मिळतात, म्हणजे शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातल्या घरात आजी तेलुगूत आणि आई मराठीत एकच गोष्ट वाचू शकते. पुठ्ठ्याचं पुस्तक घेताना कोपरे गोल आहेत ना आणि वरचा थर नखानं सुटत नाही ना, एवढं बघा. सहाव्या महिन्यापासून ते वाचण्याआधी चावलं जातं.