प्रोटीन ओरिजिनल आहे, पण तो काळा डबा कुणी घेऊ नका (५ पैकी २ स्टार)

आपल्या सोलापुरातलं हे सप्लिमेंटचं दुकान व्हे प्रोटीनसाठी चांगलं आहे, डब्यावरचा कोड खरवडून मोबाईलवर चेक केला, माल ओरिजिनल निघाला, रेट पण बाकीच्यांपेक्षा कमी लावला. तरी २ स्टारच देतोय.

माझा पुतण्या सायकलिंग करतो, पहाटे तुळजापूर रोडला असतो, आता रेसची तयारी चालू आहे. हे बोलण्यात आलं तसं काउंटरवरच्या माणसानं खालनं एक काळा डबा काढला, "हे द्या काका त्याला, घाटात दम लागणार नाय, सगळं आयुर्वेदिक आहे आन डोप टेस्टमध्ये पण काय येत नाय." आयुर्वेदिक आहे तर टेस्टचा विषय निघतोच कशाला? डबा फिरवून बघितला तर मागं नुसतं 'स्पेशल ब्लेंड' आणि एकूण वजन, कुठला घटक किती ते नाही, अन्न परवान्याचा एफएसएसएआय नंबर नाही, बॅच नंबरच्या जागी पुसट शिक्का. लॅब रिपोर्ट मागितला तर म्हणे एवढं कोण विचारत नाय ओ.

अहो विचारायलाच पाहिजे! २०१० च्या टूर द फ्रान्समध्ये, म्हणजे सायकलिंगच्या सगळ्यात मोठ्या रेसमध्ये, जिंकलेल्या कॉन्टाडोरच्या लघवीत क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं, किती तर एका मिलिलिटरला ५० पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले तर त्यातले ५०. तो म्हणत होता बीफमधून आलं, क्रीडा लवादानं २०१२ मध्ये सांगितलं की भेसळीच्या सप्लिमेंटमधून आलं असण्याची शक्यता जास्त, आणि तरीही २ वर्षांची बंदी बसली, टूरचं टायटल गेलं. नियमच तसा आहे, अंगात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार, दुकानदार नाही.

त्यात ह्या खेळावर लोकांचा विश्वासच उरलेला नाही. अमेरिकेचा सायकलपटू आर्मस्ट्राँग वर्षानुवर्षं टेस्ट देत राहिला, ७ टूर जिंकला, आणि २०१३ ला टीव्हीवर डोपिंग केल्याचं सगळं कबूल केलं. त्याची भरपाई आता पुढचे सगळे करतायत. आत्ताचा सायकलपटू पोगाचारनं २०२४ च्या टूरमध्ये प्लाटो द बेई ह्या डोंगराच्या चढावर जुना सायकलपटू पंतानीचा १९९८ चा रेकॉर्ड ३ मिनिटांहून जास्त फरकानं मोडला तर कौतुकाआधी संशयच सुरू झाला, त्याची एकही टेस्ट पॉझिटिव्ह नाही तरी, आणि पुराव्याशिवाय असं बोलणं मला अजिबात पटत नाही. पण त्याच्या मागं टीम आहे, डॉक्टर आहेत, वकील आहेत. आपल्या पोराच्या मागं कोण आहे? नाडाच्या (देशातली डोपिंग तपासणारी संस्था) एका टेस्टमध्ये असलं काय सापडलं तर शेजारपाजारचे पण म्हणणार, तरीच एवढा पळत होता.

रेस खेळणाऱ्या पोरांच्या आईबापांनी ह्या दुकानातनं फक्त सीलबंद प्रोटीन घ्यावं, पक्कं बिल मागून घ्यावं, मागितल्याशिवाय देत नाहीत. तो डबा विकायचा बंद केला तर स्टार वाढवीन.