खरेदीआधी मुलांना विचारणारी सेवा : सातपूरच्या एका महापालिका शाळेतील अनुभव

सातपूर परिसरातील आमच्या महापालिका शाळेला एका कारखान्याच्या सामाजिक निधीतून डिजिटल वर्गासाठी मदत मिळणार असे ठरले, तेव्हा पुरवठादाराकडून दरपत्रक मागवून ते मंजूर करणे हा शाळा व्यवस्थापन समितीपुढचा सर्वांत सोपा मार्ग होता. मुख्याध्यापकांनी मात्र नाशिकमधीलच एका लहान संस्थेची सेवा घ्यावी असा प्रस्ताव मांडला. ही संस्था स्वतः कोणतेही साहित्य विकत नाही. ती शाळेसाठी तंत्रज्ञानाचा आराखडा तयार करून देते आणि त्या कामात पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून सामील करून घेते. समितीची पालक सदस्य या नात्याने मी या कामात सुरुवातीपासून होते आणि इतर शाळांच्या समित्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या सेवेची सर्वांत चांगली बाजू म्हणजे तिची सुरुवात. मुलांना ‘तुम्हाला काय हवे?’ असा प्रश्न विचारलाच गेला नाही, कारण तसे विचारले की जाहिरातीत पाहिलेल्या वस्तूंची नावे येतात. त्याऐवजी प्रत्येक गटाला शाळेचा एक साधा नकाशा देण्यात आला आणि कोणत्या वर्गातील प्लगमध्ये खरोखर वीज येते, कोणत्या वेळी कोणत्या फळ्यावर ऊन पडते, पावसाळ्यात कोणत्या भिंतीला ओल येते, हे पाहून नोंदवायला सांगण्यात आले. आमची शाळा दोन सत्रांत भरते. दुपारच्या सत्रातील मुलांनी दाखवून दिले की ज्या खोलीत डिजिटल पडदा (स्क्रीन) बसवण्याचे आम्ही ठरवले होते, तिथे पश्चिमेच्या खिडक्यांतून चारनंतर इतका उजेड येतो की मागच्या बाकांवरून फळ्यावरचे अक्षरही दिसत नाही. सकाळी खोली पाहून गेलेल्या आम्हा मोठ्यांपैकी कोणाच्याही हे लक्षात आले नव्हते.

सहावीतील मुलींच्या एका गटाने केलेले काम तर मला विशेष महत्त्वाचे वाटते. त्यांनी पहिलीच्या मुलांना भिंतीपाशी एका रांगेत उभे केले, हात वर करायला सांगितले आणि बोटे जिथवर पोचली तिथे खडूने एकेक रेघ ओढली. पुरवठादाराच्या आराखड्यात स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याची खालची कड यांतील बहुतेक रेघांच्या वर होती. म्हणजे ज्या मुलांना अक्षरे बोटाने गिरवायला मिळावीत म्हणून हा खर्च करायचा, त्यांचाच हात तिथे पोचणार नव्हता. त्यानंतर भिंतीवर पक्का बसवण्याऐवजी वरखाली करता येणाऱ्या स्टँडवरचा पडदा घेण्याचा निर्णय झाला.

घरच्या परिस्थितीविषयीची माहितीही अशीच डोळे उघडणारी होती. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड असतात आणि ते स्कॅन केले की ‘दीक्षा’ या २०१७ साली सुरू झालेल्या शासकीय मंचावरील धड्याचे साहित्य उघडते. मुले हे घरी पाहत असतील असे शिक्षकांनी गृहीत धरले होते. आमच्या भागातील बहुतेक पालक औद्योगिक वसाहतीत पाळ्यांनी काम करतात. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो वडिलांबरोबर दुसऱ्या पाळीला जातो आणि परत येतो तेव्हा मूल झोपलेले असते. मुलांनी यावर उपायही स्वतःच सुचवला. ‘दीक्षा’वरील साहित्य आधी डाउनलोड करून ठेवता येते, तेव्हा ते शाळेतील टॅबवर भरून ठेवावे आणि दोन सत्रांच्या मधल्या वेळेत टॅब वापरू द्यावेत, अशी त्यांची मागणी होती. यामुळे अंदाजपत्रकच बदलले: पडदे कमी झाले, टॅब वाढले, ते कुलूपबंद ठेवून चार्ज करण्यासाठी कपाट आले आणि इन्व्हर्टर पहिल्या टप्प्यात आला.

ही कल्पना नवीन आहे असेही नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिया येथे डेनिस हार्पर यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘जनरेशन येस’ या उपक्रमात सरकारी शाळांतील विद्यार्थीच शिक्षकांना तंत्रज्ञान वापरण्यास मदत करतात. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करणे हे शाळा व्यवस्थापन समितीचेच काम आहे आणि बालकाला त्याच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ मध्येच स्वीकारला आहे. तरीही वर्गात यंत्र बसवताना विद्यार्थ्याचे मत घ्यायचे असते, हे आपल्या सरकारी शाळांत कोणाच्या मनातही येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता या सेवेतील उणिवा. छापील प्रश्नावली इतक्या पुस्तकी मराठीत होती की उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेल्या कुटुंबांतील मुले पहिल्याच पानावर अडली. शेवटी वर्गमित्रांनी त्यांना प्रश्न समजावून सांगितले. टॅब हाताळण्याच्या सत्रात मोठ्या मुलांनी यंत्रे आपल्याच हातात ठेवली. मुलींचे गट वेगळे करण्याची सूचना एका शिक्षिकेला करावी लागली, ती खरे तर मार्गदर्शकांच्या आधीच लक्षात यायला हवी होती. पहिली ते चौथीच्या मुलांशी थेट संवाद झालाच नाही. सर्वांत मोठी तक्रार अंतिम अहवालाची आहे. मुलांच्या निरीक्षणांवर उभा राहिलेला हा अहवाल इंग्रजीत आला, त्यामुळे ज्यांनी तो घडवला त्यांनाच तो वाचता आला नाही. आम्ही आग्रह धरल्यावर मराठी सारांश मिळाला, पण त्यात खडूच्या रेघांचा उल्लेखही नव्हता.

शुल्काबाबत तक्रार नाही. संस्था शाळेकडून केवळ प्रवास आणि छपाईचा खर्च घेते, तिचे मार्गदर्शक वेळेवर येतात आणि मुलांशी अतिशय आदराने बोलतात. ज्या शाळेची खरेदी अजून झालेली नाही आणि जिची समिती मुलांचे ऐकून निर्णय बदलायला तयार आहे, तिने ही सेवा अवश्य घ्यावी. साहित्य आधीच येऊन पडले असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. काम जूनमध्येच सुरू करावे, म्हणजे ओल आणि वीज जाण्याच्या वेळा यांची नोंद पावसाळ्यातच होते. मराठी अहवाल आणि साहित्य बसवल्यानंतर सहा महिन्यांनी त्याच विद्यार्थ्यांबरोबर घ्यायची पाहणी, या दोन गोष्टी सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्याव्यात. आमच्या शाळेत ही पाहणी अद्याप झालेली नाही आणि समितीने संस्थेला तसे पत्र दिले आहे.