टी-शर्ट ढाक्याहून मागवायचे की ग्वांगझोहून? भावापलीकडचा हिशोब

स्वतःच्या लेबलचे टी-शर्ट बाहेरून शिवून आणायचे ठरले की बहुधा दोन कोटेशन समोर येतात. एक ढाक्याच्या आसपासच्या गाझीपूर, सावर, नारायणगंज पट्ट्यातले, दुसरे ग्वांगझोचे. भाव, जीएसएम (कापडाचे चौरस मीटरमागे वजन), रंगाचा पक्केपणा यांची तुलना सगळेच करतात. तो माल कोण शिवते, किती तास आणि कसल्या इमारतीत बसून, हे विचारायचे मात्र राहून जाते. विचारायला गेलात तर ‘बांगलादेश वाईट, चीन बरा’ असा सरळ निकाल लागत नाही.

मजुरी आणि तास

बांगलादेशात तयार कपड्यांच्या कारखान्यांतल्या सर्वांत खालच्या श्रेणीचे किमान वेतन डिसेंबर २०२३ पासून १२,५०० टका झाले. (त्यानंतरची वार्षिक वाढ वेगळी.) त्याआधीच्या आंदोलनात कामगार संघटना २३,००० मागत होत्या आणि त्यात किमान चार कामगारांचा जीव गेला. या १२,५०० ची फोड अशी: मूळ पगार ६,७००, घरभाडे ३,३५०, जेवण १,२५०, औषधपाणी ७५०, प्रवास ४५०. ही फोड पाठ असलेली बरी, कारण ओव्हरटाइम दुप्पट मिळतो तो फक्त मूळ पगारावर. ६,७०० ला महिन्याच्या २०८ तासांनी भागा आणि दुप्पट करा, तासाला जेमतेम ६४ टका पडतात. पगारपत्रकात याहून कमी दर दिसला तर पुढे बोलणीच करू नका.

आता १२,५०० ला महिन्याच्या १२,४८० मिनिटांनी भागा. मिनिटाला एक टका. साधा टी-शर्ट शिवायला ७ मिनिटांचे काम धरले आणि लाइनची, म्हणजे मशीनच्या रांगेची, कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर एका नगामागे शिलाईची मजुरी १३ टक्यांच्या आत बसते. ही मजुरी चौथ्या हिश्शाने वाढवली तरी नगामागे सव्वातीन टक्यांचा फरक. त्यामुळे कोटेशनवर घासाघीस करताना २० टका कमी करून मागितले, तर ते कापडातून निघणार की माणसातून, हे समजायला फार डोके लागत नाही.

चीनमध्ये किमान वेतन शहरागणिक वेगळे असते. ग्वांगझोत ते मार्च २०२५ पासून महिन्याला २,५०० युआन आहे. तिथल्या १७४ तासांच्या महिन्याने भागले तर मिनिटाचा दर ढाक्याच्या साधारण चौपट निघतो. कायदाही कागदावर कडक आहे: महिन्याला ३६ तासांपेक्षा जास्त ओव्हरटाइम नाही, रोजच्या जादा तासांना दीडपट, सुट्टीच्या दिवशी दुप्पट, सणाच्या सुट्टीला तिप्पट. पण लहान वर्कशॉपमध्ये मजुरी नगावर मोजली जाते आणि तास मोजायचे कारणच उरत नाही. ऑनलाइन कपडे विकणाऱ्या शीइन कंपनीला माल देणाऱ्या, ग्वांगझोच्या पान्यू भागातल्या वर्कशॉपमध्ये आठवड्याला ७५ तास काम आणि महिन्यातून एखादाच सुट्टीचा दिवस, असे ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेला २०२१ मध्ये आढळले होते. कारागिराच्या हातात पैसे बरे पडतात, पण ते दोन माणसांचे काम एकाने केल्याचे असतात.

इमारत

इथे बांगलादेश पुढे आहे, आणि त्याची किंमत त्याने मोजलेली आहे. २४ एप्रिल २०१३ ला सावरची राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून १,१३४ माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसे घरी पाठवली. वरच्या कारखान्यांनी कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले. त्यानंतर ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये झालेल्या ‘अकॉर्ड’ या सुरक्षा करारातून अभियंत्यांनी एकेका कारखान्याची आग, वीज आणि बांधकाम या तिन्ही अंगांनी तपासणी केली. जून २०२० पासून हे काम आरएमजी (तयार कपडे) सस्टेनॅबिलिटी कौन्सिल, म्हणजे आरएससी, पाहते. कारखान्याचे नाव टाकले की किती दुरुस्त्या झाल्या आणि कोणत्या राहिल्या, हे कोणालाही पाहता येते. सगळे कारखाने त्या यादीत नाहीत. तुमच्याशी बोलणारा आहे का, हे पहिल्याच फोनला विचारा.

व्हिडिओ कॉलवर कारखाना दाखवतो म्हणाले तर मशीन बघण्यात वेळ घालवू नका. जिन्याचे दार दाखवायला सांगा. ते बाहेरच्या दिशेने, किल्लीशिवाय उघडले पाहिजे. जिन्यापाशी तळमजल्यावर कापडाचे तागे रचलेत का, ते पाहा. नोव्हेंबर २०१२ मध्ये आशुलियाच्या ताझरीन कारखान्यात तळमजल्यावरच्या मालाला लागलेल्या आगीचा धूर जिन्यांतून वर गेला आणि किमान ११२ जण दगावले. जनरेटर जमिनीवर आहे की वरच्या मजल्यावर? इमारत एकट्या कारखान्याची आहे की खाली दुकाने आणि वर तीन वेगळे मालक?

ग्वांगझोच्या मोठ्या कारखान्यांच्या इमारती चांगल्या असतात. पण दोनशे नगांची ऑर्डर तिकडे जात नाही. ती जाते शहराच्या पोटातल्या जुन्या गावठाणांत, जिथे समोरासमोरच्या खिडक्यांतून हस्तांदोलन करता येईल इतक्या इमारती एकमेकींना चिकटलेल्या आहेत. खाली मशीन, मध्ये माल, वर झोपायची सोय, अशा इमारतींवर चीनमध्ये बंदी आहे, तरी त्या सापडत राहतात. आरएससीसारखा कारखानानिहाय उघडा अहवाल इथे नाही. सरकारी कामगार संघटना एकच, दुसरी काढायला परवानगी नाही. म्हणजे तुमच्या एजंटने सांगितले तेच खरे.

ऑडिटचा कागद

दोन्हीकडून स्मेटा, बीएससीआय किंवा एसए ८००० यांचा, म्हणजे कामगारांच्या परिस्थितीच्या तपासणीचा, कागद येईल. स्मेटा हे प्रमाणपत्र नव्हे, त्यात पास-नापास नसते. बीएससीआयला ए ते ई श्रेणी असते. पहिले पान नाही, पूर्ण अहवाल मागा. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला एसए ८००० मिळून काही आठवडेच झाले होते, तोच सप्टेंबर २०१२ च्या आगीत तिथे अडीचशेहून अधिक कामगार गेले.

हजेरीचे दोन संच ठेवणे ही जुनी युक्ती. ती पकडायची तर हजेरीच्या शेजारी दुसरी वही ठेवायची. सर्वांत उपयोगी पडते तुटलेल्या सुईची वही: सुई मोडली की तिचे सगळे तुकडे चिकटपट्टीने पानावर लावून तारीख, वेळ आणि मशीन क्रमांक लिहितात, कारण कपड्यात तुकडा राहिला तर माल परत येतो. हजेरीत शुक्रवार सुट्टीचा आणि सुई मोडली शुक्रवारी रात्री साडेनऊला, असे निघाले तर हजेरी खोटी. ही वही कोणी दुसऱ्यांदा लिहून काढत बसत नाही.

तुमचे दिवस

ओव्हरटाइमचे कारण पुष्कळदा खरेदीदारच असतो. समजा ५,००० टी-शर्ट आहेत. २० मशीनची लाइन ५५ टक्के कार्यक्षमतेने आठ तासांत सुमारे ७५० नग काढते, म्हणजे काम सात दिवसांचे. तुम्ही गळ्याच्या लेबलला मंजुरी द्यायला चार दिवस लावले आणि बोटीची तारीख तीच ठेवली. उरलेल्या तीन दिवसांत, बांगलादेशात चालणारा दहा तासांचा दिवस धरूनही, २,८०० च्या आसपास नग होतील. बाकीचे २,१७० रात्री शिवले जातील किंवा गल्लीतल्या कुणा उपकंत्राटदाराकडे जातील, ज्याचे नाव ना आरएससीच्या यादीत, ना ऑडिटमध्ये.

मे २०२५ पासून बांगलादेशी तयार कपडे भारतात फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरांतून येऊ शकतात. पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या पेट्रापोलहून ट्रकने येणारा माल आता बोटीने येतो. हे जादा दिवस वेळापत्रकात आधीच धरा, शिलाईच्या दिवसांतून कापू नका.

मग कुठे?

हजारोंनी नग आणि तीन महिने हातात असतील, तर आरएससीच्या यादीतला बांगलादेशी कारखाना घ्या. मजुरी कमी आहे, ते खरेच. पण जे आहे ते तपासता येते आणि भाव थोडा वाढवून देता येतो. शुल्कसवलतीसाठी कॅरोटार या आयातीच्या सीमाशुल्क नियमांखाली माल कुठे, कसा बनला याची माहिती तुम्हाला ठेवावीच लागते, तेव्हा कारखान्याचा पत्ता मागायला संकोच नको. दोनशे-तीनशे नग दहा दिवसांत हवे असतील तर ग्वांगझो स्वस्त आणि चटपटीत आहे, पण आत काय चालते ते तुम्हाला कळणार नाही. एवढ्या मालासाठी तमिळनाडूतल्या तिरुपूरला रेल्वेने जाऊन लाइन बघून येणे परवडते. ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ म्हणून मिळणारा, लेबल कापलेला स्टॉकलॉट कुठे शिवला गेला, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

कोणताही मार्ग घेतलात तरी ऑर्डरच्या कागदावर दोन ओळी घाला: लेखी परवानगीशिवाय माल दुसऱ्या कारखान्यात जाणार नाही, आणि आमच्याकडून मंजुरीला जितके दिवस उशीर होईल, तितके दिवस पाठवणीची तारीख पुढे सरकेल. पहिली ओळ कारखानदार वाचून न वाचल्यासारखी करतो. दुसरी दाखवली की त्याच्या कोटेशनवरचा ‘अर्जंट’ आकार बहुधा आपोआप गळतो.