जळगावहून एका दिवसात: मुंबई की पुणे?

चर्च आणि सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) एकाच दिवसात बघायची असतील तर जळगावकरांपुढे दोनच सोयीचे पर्याय. मी म्हणेन मुंबई, आणि तीही गाईड घेऊन.

रात्रीच्या गाडीने पहाटे सीएसएमटीला उतरलं की फोर्टातलं १७१८ चं सेंट थॉमस कॅथेड्रल चालत गाठता येतं. तिथून काळा घोडा जवळच. तिथलं निळं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग १८८४ चं. खरी मजा मात्र मशीद बंदरच्या गल्लीत. शारे रहामीम हे बेने इस्रायलींचं, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, १७९६ चं सिनेगॉग. सिनेगॉगला तेव्हा मशीदच म्हणत, मशीद स्टेशनाला नाव त्याच्यावरूनच पडलं असं सांगतात! गाईड नसेल तर माणूस दारावरून निघून जातो. वेळ उरला तर वांद्र्याची मोतमावली, म्हणजे माउंट मेरी चर्च.

पुण्यात कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग. १८६७ चं, उंच मनोऱ्याचं. आवारातच ते बांधवणाऱ्या ज्यू व्यापाऱ्याची, डेव्हिड ससूनची कबर. वास्तू देखणी, पण प्रवास लांबचा आणि एका दिवसात हाताशी फारसं लागत नाही. शांतता हवी असेल तर जा.

दोन्हीकडे ओळखपत्र ठेवा, आधी विचारून घ्या. शनिवार टाळा, शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस असतो. आणि डबा घरूनच न्या, कळण्याची भाकरी तिकडे कुठली मिळायला!