सायलेन्सर बदलल्यावर री-ट्यूनिंग: सात महिन्यांच्या वापरानंतर

मोटरसायकल एका सिलिंडरची, फ्युएल इंजेक्शनची. आधी स्लिप-ऑन, म्हणजे नुसता मागचा डबा लावला, नंतर इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाइपसकट फुल सिस्टम. दोन्ही रोजच्या वापरात चालवून पाहिल्यावर ठाम मत असं झालं आहे की ट्यूनिंगची, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण नव्याने बसवण्याची, गरज सायलेन्सरच्या आवाजावरून ठरत नाही. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) कुठे आहे, धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर कुठे आहे आणि एअर फिल्टरला हात लावला का, या तीन गोष्टी ते ठरवतात.

स्लिप-ऑनमध्ये फक्त मागचा डबा बदलतो. बेंड पाइप, कॅट आणि सेन्सर कंपनीचेच राहतात. धुराच्या वाटेत सर्वात मोठा अडथळा कॅटचा, आणि तो जागेवरच असल्याने इंजिनाच्या श्वासात फरक थोडाच पडतो. एका वेगाने चालवताना ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) सेन्सरचं ऐकून हवा-पेट्रोलचं मिश्रण १४.७ ला १ च्या आसपास धरून ठेवतो, त्यामुळे तेवढा फरक तो स्वतःच भरून काढतो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मात्र सेन्सर बाजूला पडतो आणि ईसीयू साठवलेल्या मॅपवर, म्हणजे किती पेट्रोल द्यायचं याच्या तक्त्यावर चालतो. तिथे कंपनीचं मिश्रण बहुधा रिचकडे (पेट्रोल जास्त) झुकलेलं असतं, म्हणून स्लिप-ऑन खपून जातो. स्पार्क प्लग फिक्कट तपकिरीच, म्हणजे मिश्रण ठीक असल्यासारखा राहिला, पिकअपमध्ये खोट आली नाही. एक अपवाद लक्षात ठेवा: काही गाड्यांत कॅट मागच्या डब्यातच असतो. तिथे ‘नुसता स्लिप-ऑन’ म्हणजे कॅटही गेला. परिणाम फुल सिस्टमच्या जवळ जातो आणि प्रदूषणाच्या नियमांचा प्रश्न वेगळाच उभा राहतो.

फुल सिस्टम लावल्यावर लीनची (पेट्रोल कमी, हवा जास्त) लक्षणं दिसली. बंद थ्रॉटल हळूच उघडताना झटका, मधल्या आरपीएमला पिकअप बसलेला, इंजिनाची धग जास्त, थ्रॉटल सोडल्यावर पाइपातून फटाके. सोबत मोकळा एअर फिल्टर लावला तर हे आणखी वाढतं. अशा जोडीला ट्यूनिंग हवंच. पूर्ण थ्रॉटलवर चुकीचं मिश्रण सुधारायला सेन्सर नसतो, आणि पिस्टन व व्हॉल्व्ह तिथेच भाजतात.

पण ट्यूनिंगच्या आधी गळती तपासा. सर्वात जास्त पैसा इथेच वाया जातो. पाइप इंजिनाच्या हेडला जिथे जोडतो त्या पोर्टमधलं गॅस्केट दरवेळी नवीन घाला, जुनं दबलेलं पुन्हा नीट बसत नाही. सगळे जोड आधी सैल ठेवा. मग हेडला पाइप धरणारे नट आलटूनपालटून थोडे थोडे, सर्व्हिस मॅन्युअलच्या टॉर्कने कसा, नंतर क्लॅम्प, शेवटी ब्रॅकेट. उलट क्रमाने कसलं तर पाइप ताणात राहतो आणि पुढे ब्रॅकेटला तडा जातो. थंड इंजिन सुरू करून जोडांवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे आले की गळती सापडली. सेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला गळती असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाते, सेन्सरला मिश्रण लीन वाटतं, ईसीयू पेट्रोल वाढवतो, प्लग काळा पडतो आणि ॲव्हरेज घसरतं. अशा गाडीवर केलेला मॅप गॅस्केट बदललं की चुकीचा ठरतो. फटाक्यांनाही बऱ्याचदा हीच गळती किंवा सेकंडरी एअर व्हॉल्व्ह (धुरात ताजी हवा सोडणारा) कारण असतो, त्यामुळे केवळ फटाक्यांवरून पेट्रोल वाढवू नका.

सेन्सरच्या जागी लावायचा छोटा इलेक्ट्रिकल प्लग, ज्याला एलिमिनेटर म्हणतात, तो ट्यूनिंग नव्हे. ईसीयूला गप्प बसवण्यापलीकडे तो काही करत नाही. पिगीबॅक बॉक्स, म्हणजे ईसीयू आणि इंजेक्टरच्या मध्ये जोडायचा डबा, इंजेक्टरचा उघडा राहण्याचा वेळ वाढवतो. मात्र सेन्सर चालू ठेवला तर ईसीयू संथ चालीतलं वाढवलेलं पेट्रोल परत कापतो. ईसीयू फ्लॅश, म्हणजे ईसीयूतला मॅपच बदलणं, हा सर्वात स्वच्छ मार्ग. दोन्हींत तयार मॅपवर विसंबू नका, वाइडबँडवर (मिश्रणाचा नेमका आकडा दाखवणारा सेन्सर) मोजून घ्या. पूर्ण थ्रॉटलला १३ च्या आसपास, संथ चालीत १४ ते १४.७ हवं. वाइडबँड बेंड पाइपातच बसवायला सांगा. आखूड सायलेन्सरच्या तोंडात नळी घातली तर कमी आरपीएमला बाहेरची हवा मिसळते आणि आकडा खोटा लीन येतो.

कार्ब्युरेटरवाल्यांना ईसीयू वाचवत नाही. मेन जेट एक-दोन नंबरने मोठा करून बघा. मधल्या थ्रॉटलला कार्ब्युरेटरमधली सुई पाहा, क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर येते आणि मिश्रण रिच होतं. मिक्श्चर स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो बाहेर फिरवल्यावर रिच, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर लीन. इथेच बरेच जण उलटं फिरवतात. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक वेळी इंजिन पुरतं तापल्यावरच तपासा.

वापरात सायलेन्सरमधलं आवाज शोषणारं ग्लास वूल हळूहळू जळतं आणि आवाज मोकळा होत जातो. त्यात मिश्रण बिघडल्याचं दिसलं नाही, वूल पुन्हा भरलं की पुरतं. डीबी किलरचा (सायलेन्सरच्या तोंडातला आवाज कमी करणारा भाग) बोल्ट आणि हेडला पाइप धरणारे नट मात्र पहिल्या काही तापण्या-थंड होण्यानंतर एकदा पुन्हा कसायला लागतात, आणि तेही इंजिन गार असतानाच.