पहिले छोटे घर कोणते घ्यावे: चाळीतली खोली की टॉवरमधला वन बीएचके?

अंतर्गत वास्तुरचनेच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी स्टुडिओत ‘छोटे घर’ हा विषय येतो, तेव्हा मुंबईतल्या विद्यार्थ्यासमोर बहुधा दोनच घरे असतात. एक म्हणजे मित्राच्या किंवा नातेवाइकांच्या चाळीतली एक खोली आणि दुसरा नुकताच ताबा मिळालेला, साडेतीनशे-चारशे चौरस फुटांचा वन बीएचके. दोन्ही घरे लहानच, मग कोणतेही घेतले तरी काय बिघडले, असे समजून मुले जे घर जवळचे असेल ते निवडतात. मी गेली काही वर्षे हा विषय शिकवते आणि माझा कल स्पष्टपणे आधी चाळ, मग वन बीएचके असा आहे. मात्र हा क्रम सर्वांनाच लागू पडतो असे नाही.

चाळीच्या खोलीचे ठोस उदाहरण म्हणून बीडीडी चाळ घेता येते. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग येथे बांधलेल्या या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारतींत प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची आहे, आणि शौचालय मजल्यावर सामाईक आहे. खोलीत पाच माणसे राहत असतील तर माणशी 32 चौरस फूट येतात, म्हणजे बरोबर आठ बाय चारची प्लायवूडची एक शीट. मी वर्गात पहिल्या दिवशी एक शीट जमिनीवर आडवी टाकते आणि त्यावर झोपणे, जेवणे, अभ्यास, कपडे आणि पाहुणे बसवून दाखवायला सांगते. दहा मिनिटांत मुलांच्या लक्षात येते की हे बसत नाही, आणि तरीही त्या खोल्यांमध्ये ते तीन पिढ्या बसत आले आहे.

ते बसते कारण तिथे जागेची वाटणी भिंतींनी झालेली नसते, तासांनी झालेली असते. पहाटे नळाला पाणी येते तेव्हा मोरी आणि पिंपाभोवतीचा भाग संपूर्ण घराचा केंद्रबिंदू असतो. आठ वाजता तीच फरशी डबे भरण्याची असते, दुपारी आजोबांच्या झोपेची आणि रात्री चार गाद्यांची. दार दिवसभर उघडे राहते आणि गॅलरी ही हिशेबात न धरलेली दुसरी खोली असते. म्हणून अशा घराचा एकच प्लॅन काढून भागत नाही. निदान चार वेळांचे चार प्लॅन काढावे लागतात, आणि खोली लहान असल्यामुळे ते मोठ्या स्केलमध्ये काढता येतात. दहा बाय सोळा फुटांची खोली 1:20 प्रमाणात ए-3 कागदावर आरामात मावते आणि 1:10 मध्ये ए-2 वर. या प्रमाणात पातेल्याचा कानही दिसतो, त्यामुळे ‘इथे स्टोरेज’ असे लिहून सुटका करून घेता येत नाही.

गेल्या वर्षीच्या एका विद्यार्थिनीने अशाच खोलीसाठी भिंतीत उभा दुमडणारा पलंग सुचवला होता. रेखाटन देखणे होते, पलंग बंद झाला की भिंतीपासून सोळा इंच पुढे येत होता. आम्ही ते त्या घरातल्या आजींना दाखवले. त्यांनी कागद जवळ धरून पाहिला आणि विचारले, “मग ह्या गाद्या कुठं जाणार? आणि दुपारी मी टेकायचं कशाला?” खोलीत पत्र्याची एक ट्रंक होती, तिच्यावर गाद्यांची वळकटी आणि वर गोधडी. आम्ही ते सगळे मोजले. भिंतीपासून पुढे सतरा इंच, म्हणजे पलंगापेक्षा एकच इंच जास्त. पण ती ट्रंक दिवसभर बसायला, आजींना पाठ टेकायला आणि वर्षाच्या कपड्यांना उपयोगी पडत होती, आणि गणपतीच्या दिवसांत तिच्यावरच मखर उभे राहत होते. पलंगाने झोपण्याचे एकच काम केले असते, तेही फक्त रात्री. त्या विद्यार्थिनीने पलंग खोडला आणि ट्रंकेची उंची, तिची पाठ आणि तिच्या वरच्या भिंतीवरची फळी यांवर उरलेले सत्र काढले.

मोजमापाच्या बाबतीतही जुनी खोली कडक मास्तर आहे. लाकडी सांगाड्याच्या जुन्या चाळींत भिंती ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या नसतात. दोन्ही कर्ण मोजले तर त्यांत दोन-दोन इंचांचा फरक निघतो, आणि जमिनीजवळ दहा फूट भरणारी खोली छताजवळ दहा फूट भरतेच असे नाही. सुतार याला ‘पट्टी मारून घेऊ’ म्हणतो, पण ती पट्टी कुठे लागणार हे कागदावर आधी ठरवणे हे तुमचे काम आहे. पोटमाळ्याचेही तसेच. छत अकरा फुटांवर असेल आणि खाली डोक्याला सात फूट सोडले, तर माळ्याची जाडी वजा जाता वर चार फूटही उरत नाहीत, म्हणजे तिथे झोपता येते, सामान ठेवता येते, पण उभे राहता येत नाही. शिवाय त्याचे वजन जुन्या तुळईला टांगायचे की खालून आधार द्यायचा, हा प्रश्न अभियंत्याला विचारल्याशिवाय सोडवू नये.

वन बीएचकेमध्ये यातले निम्मे प्रश्न बिल्डरने आधीच सोडवलेले असतात, बरे असोत वा वाईट. झोपायची खोली कोणती, ओटा कुठे, टीव्हीचा पॉइंट कोणत्या भिंतीवर, हे सगळे ठरलेले असते. आजकालच्या बऱ्याच टॉवरमध्ये मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेले असतात. त्या भिंती इमारतीचे वजन पेलतात, त्यामुळे एखादी भिंत काढून हॉल मोठा करण्याची कल्पना पहिल्याच दिवशी बाद होते. (सॅम्पल फ्लॅटमध्ये अनेकदा दारे काढलेली आणि पलंग नेहमीपेक्षा आखूड असतो, हे विद्यार्थ्याने एकदा स्वतः टेप लावून पाहावे.) चटई क्षेत्रफळाचा, म्हणजे कार्पेट एरियाचा आकडाही नीट वाचायला शिकावे लागते. 2016 च्या रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येत घराच्या आतल्या भिंतींची जागा धरलेली असते, म्हणजे चार इंची भिंत तीस फूट लांब असेल तर दहा चौरस फूट तुमच्या कागदावर असतात, पण पायाखाली नसतात.

इथे शिकण्यासारखे जे आहे ते इंचांच्या हिशेबात आहे. समजा, बेडरूम नऊ फूट रुंद आहे. एका भिंतीला दोन फूट खोल कपाट आणि समोरच्या भिंतीला चिकटून पाच फूट रुंद पलंग ठेवला, तर मध्ये दोन फुटांची वाट उरते. कपाटाचे पल्ले दीड फुटाचे असले की उघडल्यावर माणसाला उभे राहायला सहा इंच राहतात. मग सरकते पल्ले लावू असे सुचते, पण दोन रुळांसाठी कपाटाची खोली तीनेक इंचांनी वाढवावी लागते आणि वाट एक फूट नऊ इंचांवर येते. शिवाय भिंतीकडे झोपणाऱ्या माणसाने रात्री उठायचे कसे, हा प्रश्न राहतोच. माझ्या अनुभवात यातून बहुतेक मुले शेवटी चार फुटी पलंग किंवा आखूड भिंतीवरचे कपाट या उत्तराकडे येतात. छताचेही तसेच आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची किमान 2.75 मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट लागते. छत जेमतेम तितकेच असताना नकाशात सहा इंचांचे फॉल्स सीलिंग दाखवणे म्हणजे लहान खोली आणखी बुटकी करणे आहे, आणि तरी दहातील आठ विद्यार्थी ते दाखवतात.

वन बीएचकेची खरी जमेची बाजू मात्र त्याचा नकाशांचा संच आहे. फर्निचर, वीज, पाणी, फरशी, प्रत्येक भिंतीचे एलिव्हेशन (समोरून दिसणारे रेखाटन), ओट्याचे तपशील आणि कामाच्या मापांचा तक्ता असे सगळे त्यात काढावे लागते, आणि कुठल्याही ऑफिसात इंटर्नशिपला गेल्यावर हातात पडते ते हेच काम. सुतार फूट, इंच आणि सूत अशी भाषा बोलतो, तर मॉड्युलर किचनचा कारखाना मिलिमीटरची. एक इंचाचे आठ सूत होतात, आणि सहा सुतांचे प्लाय सांगितल्यावर कारखाना 18 मिमीची शीट देतो, तेव्हा सुमारे एका मिलिमीटरचा फरक कुठे जाणार हे ठरवणारा माणूस तुम्ही असता. सिंकखाली साधे प्लाय (भारतीय मानक आयएस 303) न घालता पाण्यात टिकणारे (आयएस 710) घालायचे, हेही अशाच घरात शिकले जाते, कारण ते घर खरोखर बांधले जाणार असते.

चाळीचे घर बहुधा बांधले जात नाही. पुनर्विकासाची वाट पाहणारे कुटुंब खोलीवर पैसे घालत नाही, त्यामुळे अभ्यास कागदावरच राहतो. शिवाय ते कुणाचे तरी राहते घर आहे. मोजायला दुपारच्या निवांत वेळी जावे, एकट्याने जाऊ नये, फोटो काढण्याआधी विचारावे, कपाट उघडण्याआधी तर विचारावेच, आणि शेवटी काढलेल्या नकाशांची एक प्रत त्या घरी द्यावी. वन बीएचकेमध्ये ही अडचण नाही, पण तिथे दुसरा धोका आहे. घर रिकामे असते, राहणारी माणसे अजून आलेली नसतात, आणि माणसांची जागा मोबाईलवरच्या चित्रांनी भरून निघते. मग सगळ्या घरांना सारखाच टीव्ही युनिट आणि सारखेच लाकडी पट्ट्यांचे पॅनेल लागते.

तेव्हा दुसऱ्या वर्षात असाल, आणि हातात संपूर्ण सत्र असेल, तर चाळ घ्यावी. पुढच्या दोन महिन्यांत इंटर्नशिपची मुलाखत असेल आणि पोर्टफोलिओत एकही कार्यकारी नकाशा (ज्यावरून प्रत्यक्ष काम होते तो) नसेल, तर वन बीएचके घ्यावा, पण त्यात खरोखर राहणारे एक कुटुंब शोधून घ्यावे. स्वतः चाळीत वाढलेले विद्यार्थी बहुधा टॉवर निवडतात आणि मी त्यांना अडवत नाही. फक्त आधी स्वतःच्या घराचे चार वेळांचे चार प्लॅन आठवणीतून काढून आणायला सांगते, आणि त्यांच्या टॉवरच्या आराखड्यावर त्याचा परिणाम दिसतो.

तिसरी वाटही आता उघडली आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. अशा एखाद्या कुटुंबाची ओळख निघाली तर 160 आणि 500 ही दोन्ही घरे एकाच माणसांसाठी मोजता येतात. जुन्या खोलीचे चार प्लॅन त्यांच्याकडून ऐकून काढावेत, नव्या घरात जाऊन तेच चार पुन्हा काढावेत, आणि मग विचारावे की ट्रंक आता कुठे आहे, आणि आजी दुपारी कुठे टेकतात.