पहिलं यंत्र कोणतं उघडावं: युनिटास ६४९७ की एनएच३५?

मनगटी घड्याळ घरी खोलून पुन्हा चालतं करायला शिकायचं म्हटलं की अवजारांची यादी कुणालाही विचारा, साधारण सारखीच मिळते. मतभेद होतात ते पहिलं यंत्र, म्हणजे घड्याळाच्या आतली मूव्हमेंट, कोणतं घ्यावं यावर. दोन नावं हमखास पुढे येतात. एक युनिटास ६४९७, किंवा त्याची चिनी नक्कल सीगल एसटी३६: हाताने चावी द्यायचं, मुळात खिशातल्या घड्याळासाठी बनलेलं, ३६.६ मिमी व्यासाचं. दुसरं सेइकोचं एनएच३५: ऑटोमॅटिक, तारखेचं, २७.४ मिमीचं.

युनिटासच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं ते त्याच्या आकाराबद्दल: भाग मोठे, म्हणून हाताळायला सोपे. ते खोटं नाही, पण भिंग लावलं आणि स्क्रूच्या खाचेत नेमकं बसणारं पातं हाताशी असलं की आकारातला फरक बराचसा भरून निघतो. माझ्या लेखी निकाल लागतो तो ब्रिजवर, म्हणजे चाकांची वरची टोकं धरणाऱ्या पट्टीवर.

एनएच३५मध्ये बॅरल (मुख्य कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा डबा) आणि गिअर ट्रेन (चाकांची साखळी) यांच्यावर मिळून एकच ब्रिज आहे. तो बसवताना बॅरलचा आस, तिसरं चाक, सेकंदाचं चाक आणि एस्केप व्हील (ट्रेनचं शेवटचं चाक), सगळ्यांची वरची टोकं एकाच वेळी आपापल्या भोकात जावी लागतात. सेकंदाचं चाक मधल्या नळीत असल्यामुळे त्यातल्या त्यात सरळ उभं राहतं. एस्केप व्हील मात्र डुलत असतं. तिसरं जागेवर आणावं तर एस्केप व्हील कलतं, ते सरळ करावं तर ब्रिज दुसऱ्या कोपऱ्यात उचलला जातो. हे पिव्हट, म्हणजे आसांची टोकं, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जाडीचे असतात. ब्रिज ‘जवळजवळ बसलाय’ असं वाटून स्क्रू आवळला की पिव्हट वाकतो, नाहीतर तुटतो. क्वचित पिव्हट ज्यात फिरतो तो खडाही फुटतो. नवशिक्याची मजल इथे अडते ती कौशल्य नाही म्हणून नव्हे. एका वेळी चार गोष्टी सांभाळायच्या, आणि त्यातली नेमकी कोणती चुकते आहे हेच दिसत नाही, ही खरी अडचण. काम कठीण असणं मला चालतं, पण चूक कुठे झाली हे न कळणं शिकणाऱ्याला फार महागात पडतं.

युनिटासमध्ये बॅरलचा ब्रिज वेगळा आणि चाकांचा वेगळा. चाकांमध्ये अंतर मोकळं आहे, बाजूने भिंगातून पाहिलं तर कुठला पिव्हट भोकाच्या कडेला अडलाय ते चक्क दिसतं. ब्रिजवर पेगवुडच्या काडीने अगदी हलका दाब ठेवायचा, चिमट्याच्या टोकाने चाकाच्या आऱ्याला किंचित ढकलायचं, पिव्हट आत गेला की ब्रिज जाणवेल असा खाली बसतो. मग स्क्रू एकदम न आवळता अर्धा-अर्धा फेरा द्यायचा आणि प्रत्येक वेळी ट्रेन काडीने फिरवून बघायची. जड झाली की तिथेच थांबून स्क्रू सैल करायचा. पॅलेट फोर्क (एस्केप व्हीलला एकेक दात सोडत अडवणारा भाग) बसवण्याआधी चावीला एक-दोन टिचक्या दिल्या तर सगळी चाकं भिरभिरली पाहिजेत आणि थांबताना एस्केप व्हील जरासं उलटं फिरलं पाहिजे. ते उलटं फिरणं दिसलं म्हणजे ट्रेन स्वच्छ आणि मोकळी आहे. हीच कसरत एनएच३५वरही करायची असते, फक्त ती आधी युनिटासवर हातात बसलेली असावी.

एनएच३५च्या बाकीच्या कटकटी त्यामानाने किरकोळ, पण बेरीज होते. डायलखाली तारखेची यंत्रणा आहे, आणि तिथली बारीक स्प्रिंग उडाली की शोधत बसावं लागतं. ऑटोमॅटिकच्या मॅजिक लीव्हरचे, म्हणजे रोटर (मनगटाच्या हालचालीने फिरणारं वजन) फिरला की कमान भरणाऱ्या दांडीचे, दोन्ही हात रिडक्शन व्हीलच्या दोन बाजूंना बसले पाहिजेत. एक निसटला तर रोटर फिरतो आणि कमान भरत नाही. बॅलन्सवरची (मागेपुढे झुलणाऱ्या चाकावरची) धक्का झेलणारी डायाशॉकची स्प्रिंग सुटी, पाकळ्यांची असते. युनिटासची तेच काम करणारी इन्काब्लॉक स्प्रिंग एका टोकाला बिजागरीसारखी अडकलेली राहते, म्हणून उडायची शक्यता फार कमी. शिवाय ऑटोमॅटिकची मुख्य कमान पूर्ण भरल्यावर बॅरलच्या भिंतीवरून घसरणं अपेक्षित असतं; त्यासाठी भिंतीला खास ब्रेकिंग ग्रीस लागतं. तिथे साधं तेल लावलं तर कमान लवकर घसरते आणि घड्याळ रात्रीतच बंद पडतं. चावीच्या यंत्रात हा प्रश्नच येत नाही, कमान भिंतीला आकड्याने पक्की अडकते.

आता युनिटासची खोड. चावीचा दांडा काढायला तो धरून ठेवणाऱ्या सेटिंग लीव्हरचा स्क्रू सैल करावा लागतो. एक-दीड फेरा पुरतो. उत्साहात जास्त फिरवला तर लीव्हर डायलखाली सुटून पडतो, मग काटे काढा, डायल काढा आणि तो परत लावा. एनएच३५मध्ये नुसतं बटण दाबून दांडा निघतो, आणि या बाबतीत ते निर्विवाद सरस आहे. दुसरं म्हणजे युनिटास तयार झाल्यावर त्याला केसही तशीच मोठी लागते. मनगट बारीक असेल तर ते घड्याळ टेबलावरच शोभेल. आणि नक्कल घेणार असाल तर तिचे सुटे भाग मूळ युनिटासला जसेच्या तसे बसतील असं धरून चालू नका.

तुम्हाला मुळात डायल, काटे आणि केस बदलून मनासारखं घड्याळ जुळवायचं असेल, ट्रेनला हातच लावायचा नसेल, तर एनएच३५ घ्या, त्यात दुमत नाही. त्याच्यासाठी डायल-काटे भरपूर मिळतात आणि रोज वापरायलाही ते सोयीचं. पण तेल-पाणी, म्हणजे पूर्ण सर्व्हिसिंग शिकायचं असेल तर मी युनिटासकडे वळेन. जमल्यास एकाच कॅलिबरची (मॉडेलची) दोन यंत्रं घ्यावीत: एक खोलायला, दुसरं शेजारी ठेवून बघायला, आणि वेळ आली तर भाग काढायला.

घरातलं जुनं, बंद घड्याळ मात्र पहिलं म्हणून उघडू नये असं वाटतं. त्याला गंज असेल, पूर्वी कुणी चुकीचे स्क्रू लावलेले असतील, पिव्हट झिजलेले असतील. जोडल्यावर ते चाललं नाही तर दोष तुमचा की त्याचा, हे ठरवायला काहीच आधार नाही. सुरुवातीचं यंत्र चालतं असावं; उघडण्याआधी त्याचं माप टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या उपकरणावर) घेऊन लिहून ठेवावं. माप घेताना लिफ्ट अँगल (पॅलेट फोर्क आणि बॅलन्स एकमेकांशी जोडलेले असतात तो कोन) बरोबर घाला, ६४९७ला ४४ अंश, एनएच३५ला ५३. तो चुकला की अँप्लिट्यूडचा, म्हणजे बॅलन्स किती अंश झुलतो त्याचा, आकडा खोटा येतो.

यंत्र कोणतंही असो, काही गोष्टींना सूट नाही. खोलायच्या आधी कमानीतला ताण काढायचा: चावी बोटांत धरून क्लिक (कमान उलटी सुटू न देणारी खिटी) मागे ओढायची आणि चावी हळूहळू सरकू द्यायची. ताण असताना पॅलेट फोर्कचा ब्रिज काढला तर ट्रेन भर्रकन सुटते आणि पिव्हट जातात. क्राउन व्हीलचा (चावीच्या दांड्याजवळच्या चाकाचा) स्क्रू बऱ्याच यंत्रांत उलट्या आट्यांचा असतो, निघत नसेल तर जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेने फिरवून बघा. पॅलेट फोर्क अल्कोहोलमध्ये भिजत ठेवू नका, खडे शेलॅकने (लाखेने) चिकटवलेले असतात आणि ते सुटतात.

तेल म्हणजे थेंब नव्हे. खड्याची वाटी अर्धी ते दोन-तृतीयांश भरली की पुरे. भराभर फिरणाऱ्या पिव्हटना मोबियस ९०१० हे पातळ तेल, बॅरलचा आस आणि मधल्या चाकाला एचपी१३००सारखं दाट, पॅलेटच्या खड्यांना ९४१५. पॅलेट फोर्कचे पिव्हट कोरडे ठेवायचे. जोडणी नीट झाली असेल तर पूर्ण चावी दिल्यावर, डायल आडवी असताना, अँप्लिट्यूड २७० ते ३०० अंशांच्या आसपास यायला हवं. २२०च्या खाली अडकलं तर पुन्हा तेल घालत बसू नका. बहुतेक वेळा कुठल्यातरी खड्यात धागा किंवा बारीक धूळ असते. ते यंत्र पुन्हा खोलून धुवावं लागतं, आणि युनिटासवर ते दुसऱ्यांदा करायचा कंटाळा येत नाही.